३८ गोण्या, नऊ दिवस: नवे कचरा नियम, नवं पोर्टल आणि आमच्या ओढ्याचा डेटा

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही ४३ जण सिंहगड रोडच्या आतल्या बाजूला एका ओढ्याच्या पुलाजवळ जमलो. हातमोजे, फावडी, घमेली, दोन दाताळी आणि शेजारच्या सोसायटीने दिलेला चहा. साडेनऊपर्यंत ३८ गोण्या भरल्या. एका मित्राकडे ड्रोन होता, त्याने वरून शूटिंग केलं (ओढा वरून फार छान दिसतो, कारण वरून वास येत नाही). रील टाकली, लाइक्स आले, सोमवारी ऑफिसच्या स्टँडअपमध्ये मॅनेजरनेसुद्धा कौतुक केलं.

नवव्या दिवशी ती जागा जशी होती तशी झाली.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे मला लगेच एक ओळखीची गोष्ट आठवली. सर्व्हरची डिस्क भरली की रात्री दोनला उठून लॉग फाइल डिलीट करायची आणि परत झोपायचं. डिस्क रिकामी होते, अलर्ट थांबतो, पण ती फाइल भरणारी प्रोसेस मात्र चालूच असते. आम्ही ४३ जणांनी रविवारी सकाळी नेमकं तेच केलं होतं.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे केंद्र सरकारचे नवे घनकचरा व्यवस्थापन नियम. २०१६ च्या नियमांच्या जागी आलेले हे २०२६ चे नियम १ एप्रिलपासून लागू झाले. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती मुख्यतः चार डब्यांची: ओला, सुका, सॅनिटरी आणि 'विशेष काळजीचा' कचरा, म्हणजे रंगाचे डबे, बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर, जुनी औषधं वगैरे. पण आपल्या साइटच्या वाचकांसाठी त्यातली जास्त महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. कचरा कुठे तयार झाला, कोणी उचलला, कुठे नेला, त्याचं काय केलं, हे सगळं एका केंद्रीय ऑनलाइन पोर्टलवर नोंदवलं जाणार आहे. जुन्या कचरा डेपोंचं काम किती झालं हेही तिथेच. म्हणजे शहर स्वच्छ आहे की नाही हे यापुढे बरंचसं डेटा सांगणार. आणि गेल्या काही महिन्यांत एका छोट्या ओढ्याचा डेटा गोळा करताना माझी खात्री पटली आहे की आपण बहुतेक वेळा चुकीची गोष्ट मोजतो.

किलो हा फसवा आकडा

कुठल्याही स्वच्छता मोहिमेची बातमी बघा. 'इतके टन कचरा गोळा.' आम्हीही तेच केलं. भंगारवाल्याचा वजनकाटा आणून काही गोण्या मोजल्या आणि सरासरीने गुणाकार केला. नंतर लक्षात आलं की वजनाचा मोठा भाग राडारोडा, ओली माती, नारळाच्या करवंट्या आणि एक भिजलेली गादी यांचा होता. राडारोडा तर घरगुती कचराच नाही, त्याला वेगळे नियम आहेत. उलट ओढ्यात जे खरोखर अडकतं आणि पावसाळ्यात पाणी तुंबवतं, ती वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, पातळ पिशव्या, त्यांचं वजन जवळपास काहीच नसतं. किलोच्या हिशेबात एक भिजलेली गादी हजारो पाकिटांना भारी पडते.

जगभरात किनारे साफ करणाऱ्यांना हे फार पूर्वी कळलं. 'इंटरनॅशनल कोस्टल क्लीनअप' ही मोहीम १९८६ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर सुरू झाली, तेव्हापासूनच त्यांनी स्वयंसेवकांच्या हातात पिशवीसोबत एक कार्ड दिलं. सिगारेटची थोटकं किती, बाटल्यांची झाकणं किती, स्ट्रॉ किती, असे नग मोजायचे. आता त्यांचं ॲप आहे, पण कल्पना तीच आहे. नग मोजले की वस्तू कुठून आली हा पुढचा प्रश्न आपोआप विचारला जातो.

मग आम्हीही ठरवलं की पुढच्या वेळी नग मोजायचे. सगळ्या गोण्या मोजणं शक्य नव्हतं, म्हणून भरलेल्यांतल्या पाच गोण्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि ताडपत्रीवर उलट्या केल्या. (गोण्या सोयीने निवडू नका. माणूस नकळत सगळ्यात कमी घाण गोणी उचलतो, आम्ही सगळेच उचलत होतो.)

मावशींनी दाखवलेला बग

तो पहिला रविवार संपताना एक कचरावेचक मावशी पुलाच्या कठड्याला टेकून आमच्याकडे बघत होत्या. मी चहा दिला. त्या म्हणाल्या, "दादा, तुमी चांगलं केलं. पन माजी बिसलरी समदी चिखलात घातली. आता तिला कोन घेनार?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावलं. पाण्याच्या बाटल्या, म्हणजे त्यांच्या भाषेत 'बिसलरी', त्या रोज पहाटे या ढिगातून वेचायच्या. कडक प्लास्टिक वेगळं, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, पुठ्ठा वेगळा. आम्ही उत्साहात सगळं एकाच गोणीत, ओल्या कचऱ्यासकट, दाबून भरलं होतं. वेचण्याजोगा माल आम्ही स्वतःच्या हाताने डंपिंगच्या लायकीचा करून टाकला. म्हणजे त्या दिवशी स्वच्छता झाली, पण रिसायकलिंग कमी झालं. आणि मावशींची दोन-तीन दिवसांची कमाई गेली.

पुण्यात राहून हे माहीत नसणं मला जरा लाजिरवाणं वाटलं. कचरावेचकांची संघटना, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, याच शहरात १९९३ मध्ये उभी राहिली. तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आली, जी २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. घरं दरमहा शुल्क थेट कचरावेचकाला देतात, आणि सुका माल विकून मिळणारे पैसेही त्यांचेच. या कराराच्या नूतनीकरणावरून अनेकदा अनिश्चितता झाली आहे, तरी मॉडेल टिकून आहे. ज्यांना कचऱ्यातला प्रत्येक पदार्थ हाताला ओळखू येतो अशी हजारो माणसं शहरात असताना, आम्ही इंजिनिअर मंडळी 'क्लासिफिकेशन प्रॉब्लेम' सोडवायला निघालो होतो.

हो, तोही प्रयत्न केला. टाको नावाचा कचऱ्याच्या फोटोंचा एक खुला डेटासेट आहे, मूळचा साधारण १,५०० फोटोंचा, त्यात प्रत्येक वस्तूभोवती रेघ मारून नाव दिलेलं आहे. त्यावर मी एका शनिवारी योलो मॉडेल ट्रेन केलं. गवतावर एकटी पडलेली बाटली ते झकास ओळखायचं. आमच्या ढिगाचा फोटो दिला तर अर्ध्या वस्तू एकमेकींखाली दडलेल्या, चिखलाने एकाच रंगाच्या झालेल्या, आणि एका फोटोत तर त्याने झोपलेल्या काळ्या कुत्र्याला 'कचऱ्याची पिशवी' ठरवलं. ढीग आणि सुटी वस्तू हे दोन पूर्ण वेगळे प्रश्न आहेत. मावशींनी तोच ढीग एक काडी फिरवून तीन मिनिटांत सांगितला: "ह्ये घरचं न्हाई, ह्ये पोरांच्या खोल्यांचं हाय. समदं बाहेरच्या जेवनाचे डबे."

हे वाक्य आमचा पहिला खरा डेटा पॉइंट होतं.

फोटोचं काय करायचं

जागेचा पुरावा म्हणून सगळे फोटो काढतात आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात. इथे एक तांत्रिक घोटाळा होतो. फोनने काढलेल्या फोटोच्या आत एक्झिफ नावाची माहिती असते: वेळ, कॅमेरा, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि ही माहिती निघून जाते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर टिकते. आमच्या पहिल्या रविवारचे दोनशेहून जास्त फोटो ग्रुपवर आहेत, आणि त्यातला एकही नेमका कुठला हे आता सांगता येत नाही.

अक्षांश-रेखांशात दशांश चिन्हानंतर चार आकडे घेतले तर अचूकता साधारण ११ मीटर, पाच घेतले तर साधारण १ मीटर. पण फोनचं जीपीएस मोकळ्या आकाशाखालीच पाच-एक मीटर इकडेतिकडे असतं, आणि झाडी किंवा इमारतींमध्ये त्याहून वाईट. त्यामुळे शीटमध्ये आठ-आठ दशांश आकडे भरून काही साधत नाही. आम्ही शेवटी सगळ्यात जुनी पद्धत वापरली. पुलाच्या कठड्यावर ऑइलपेंटने एक पिवळा ठिपका रंगवला. फोटो तिथूनच, उभा फोन धरून, समोरचा विजेचा खांब डाव्या कडेला ठेवून. बस. दोन आठवड्यांचे फोटो एकाखाली एक लावले की ढीग वाढताना दिसतो.

समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त काका तयार झाले. त्यांनी १४ दिवस सकाळी सहा, सकाळी दहा, संध्याकाळी सहा आणि रात्री अकरा असे ढिगाचे फोटो काढले, माणसं फ्रेममध्ये नसताना. (ही अट काकांनीच घातली. "मी वॉचमन नाही," म्हणाले.) दिवसभर ढीग जवळजवळ स्थिर होता. तो वाढायचा संध्याकाळी सहा ते पहाटे सहा, आणि पुन्हा थोडा सकाळी दहाच्या आत.

पाच गोण्यांतून १४० बांधलेल्या पिशव्या निघाल्या होत्या. त्यांतल्या ९६ मध्ये बाहेरून मागवलेल्या जेवणाचे डबे होते. काहींवर ऑर्डरची चिठ्ठी, काहींत कुरिअरची पाकिटं, त्यावर नाव, मोबाइल नंबर, पत्ता.

इथे आमचं जोरदार भांडण झालं. ग्रुपमधल्या काहींचं म्हणणं, या चिठ्ठ्यांचे फोटो नावानिशी टाका, दोन दिवसांत सगळे सरळ होतील. मी आणि आणखी काही जण विरोधात होतो. एक तर पिशवी टाकणारा आणि चिठ्ठीवरचा माणूस एकच असेल असं नाही, बरेचदा रूममेट किंवा सफाईवाली बाई टाकते. दुसरं, एखाद्या मुलीचं नाव, नंबर आणि खोलीचा पत्ता शेकडो अनोळखी लोकांच्या फोनमध्ये सोडणं हा कचरा टाकण्यापेक्षा मोठा गुन्हा आहे असं मला वाटतं. शेवटी ठरलं की चिठ्ठीवरून फक्त गल्लीचं नाव शीटमध्ये लिहायचं आणि चिठ्ठी तिथेच फाडायची. दोन जण ग्रुप सोडून गेले. मला वाईट वाटलं, पण निर्णय आजही बरोबर वाटतो.

आणि नावांची गरजही पडली नाही. ज्या पिशव्यांवर गल्ली कळली त्यातल्या बहुतेक दोनच गल्ल्यांमधल्या निघाल्या. दोन्हींत मिळून पाच पीजी.

कोणाच्याच कक्षेत न येणारा कचरा

आम्ही पीजीत गेलो, भांडायला नाही, विचारायला. चित्र असं दिसलं. इमारत तीन मजल्यांची, कागदावर तीन घरं. प्रत्यक्षात एकेकात २०-२५ मुलं-मुली, कॉट बेसिसवर. कचरा न्यायला ताई येतात नऊ-साडेनऊला, तोपर्यंत बहुतेक जण क्लासला किंवा कंपनीच्या बसमध्ये. मालक शुल्क देतो तीन घरांचं, तर काही देतच नाहीत. कचरा तीन घरांच्या ढकलगाडीत मावणारा नाही. आणि मालकाचा नियम, "खोलीत कचरा ठेवायचा नाही, झुरळं होतात." मग रात्री जेवण झालं की पिशवी बांधायची आणि शतपावलीला निघताना पुलावर सोडायची. यातला कुणीही राक्षस नाही. त्यातला एक मुलगा तर आमच्या रविवारच्या मोहिमेत स्वतः आला होता!

आता नव्या नियमांकडे परत या. त्यांचा मोठा जोर 'बल्क वेस्ट जनरेटर'वर आहे. २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकाम, किंवा दिवसाला ४०,००० लिटर किंवा जास्त पाणी, किंवा दिवसाला १०० किलो किंवा जास्त कचरा, यांपैकी एक निकष लागला तरी त्या संस्थेवर कचऱ्याची वाढीव जबाबदारी येते. मोठ्या सोसायट्या, मॉल, आयटी पार्क यात येतात आणि ते योग्यच आहे, कारण शहराचा बराच कचरा तिथे तयार होतो. पण २४ जणांचं पीजी? शंभर किलोच्या आसपासही नाही. ते मोठ्यांच्या यादीत बसत नाही आणि साध्या घरासारखं वागतही नाही. पुणे, पिंपरी, ठाणे, नाशिक, जिथे जिथे नोकरी-शिक्षणासाठी पोरं येतात तिथे अशा इमारती आहेत. पोर्टलवर त्या कोणत्याच रकान्यात वेगळ्या दिसणार नाहीत. त्यांचा कचरा मात्र पुलावर दिसेल.

पोर्टलबद्दल माझी दुसरी शंका जास्त गंभीर आहे. प्लास्टिक उत्पादकांच्या जबाबदारीसाठी २०२२ मध्ये अशीच ऑनलाइन प्रमाणपत्रांची व्यवस्था आली. पुढच्याच वर्षी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत लाखोंच्या संख्येने बनावट रिसायकलिंग प्रमाणपत्रं सापडली. त्यामागे माल नव्हताच. डेटाबेसला खरं-खोटं कळत नाही, त्याला फक्त रिकामा रकाना आणि भरलेला रकाना कळतो. छोट्या पातळीवर मी हेच अनुभवलं. याच पुलाबद्दल आम्ही एका ॲपवर तक्रार टाकली, दोन दिवसांत 'निराकरण झाले' असा मेसेज आणि स्वच्छ रस्त्याचा फोटो आला. फोटोत ओढाच नव्हता. तक्रार बंद होताना फोटोचं लोकेशन तक्रारीच्या लोकेशनशी ताडून पाहणं ही कोडच्या दृष्टीने एका संध्याकाळची गोष्ट आहे. आणि तक्रार बंद करण्याचा अधिकार ज्याने ती केली त्याच्याकडे असावा, ही तर त्याहून साधी.

कोठीवर

आम्ही एका पानावर सगळं मांडलं: नकाशा, १४ दिवसांचे फोटो, वेळा, पाच इमारती (मालकांची नावं न घालता), आणि आरोग्य कोठीवर गेलो. मुकादमांनी पान नीट वाचलं. म्हणाले, "साहेब, नकाशा चांगला आहे. पण माझ्याकडे माणूस एक आणि गाडी अर्धी." गाडी अर्धी म्हणजे दुसऱ्या कोठीबरोबर वाटून घेतलेली. मला वाटलं होतं की ते आम्हाला हाकलतील. उलट त्यांनीच सांगितलं की सकाळची फेरी बदलता येणार नाही, पण पीजीवाल्यांनी गेटच्या आत ओल्या-सुक्याचे ड्रम ठेवले आणि शुल्क माणसांच्या हिशेबाने दिलं, तर त्या भागातल्या ताई दुसरी फेरी मारायला तयार होतील, त्यांच्याशी बोला.

पाचपैकी तीन मालक तयार झाले. एकाने सरळ नाही म्हटलं. पाचवा फोन उचलत नाही.

मार्चमध्ये दुसरी मोहीम घेतली, या वेळी फॉर्मवर १२० नावं आली. शंभराहून जास्त लोक परवाना नसलेल्या जागी जमणार असतील तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कार्यक्रमाचा कचरा वर्गीकरण करून द्यायचा, अशी तरतूद २०१६ च्या नियमांत होती. आम्ही कळवलं. त्याचा फायदा असा की गाडी कधी येणार हे आधीच ठरलं. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण वर्सोव्याचं उदाहरण आठवा. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोझ शाह यांनी तिथे किनारा साफ करायला सुरुवात केली, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा 'चॅम्पियन ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला, आणि तरी नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांना मोहीम काही काळ थांबवल्याचं जाहीर करावं लागलं. स्वयंसेवकांना होणारा त्रास हे एक कारण, आणि गोळा केलेला कचरा दिवसेंदिवस उचलला जात नव्हता हे दुसरं. मोहीम पुन्हा सुरू झाली, मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लंही दिसली. पण जगाने दखल घेतलेली मोहीम गाडीवाचून अडू शकते, तर आपली अडणारच.

आमच्या शीटमध्ये आता 'किलो' हा रकाना नाही. त्याजागी आहे 'किती दिवस टिकलं'. ढीग पिवळ्या ठिपक्यावरून बघितल्यावर कठड्याच्या तिसऱ्या विटेपर्यंत आला की दिवस मोजणं थांबवायचं. जानेवारीत उत्तर होतं ९. मार्चनंतर ३४. हे यश आहे का? अर्धवट. कारण पुलापासून साधारण दोनशे मीटरवर, विजेच्या डीपीमागे एक नवा ढीग सुरू झाला आहे, आणि तो नाही म्हणणाऱ्या मालकाच्या इमारतीकडून जवळ पडतो. पुलाचे ३४ दिवस सांगताना डीपीमागचा फोटो लपवला तर मीही त्या 'निराकरण झाले' वाल्यांसारखाच. म्हणून शीटमध्ये दुसरी जागा जोडली आहे.

पुढची मोहीम पावसाच्या आधी, डीपीमागे. गोण्या या वेळी चार रंगांच्या चिंध्या बांधून वेगळ्या केल्या आहेत. वर्गीकरणाची सूत्रं मावशींकडे आहेत, तीन तासांचे पैसे आधी ठरवून, आणि बिसलरी त्यांची. त्यांनी एकच अट घातली आहे, ड्रोन नको.